गावातलं संग्रहालय गावाच्या काय कामाचं?

एसटी चुकली म्हणून दोन तास हातात होते. मराठवाड्यातलं जिल्ह्याचं गाव, मे महिना, स्टँडवर बसवत नव्हतं. कोणीतरी म्हणालं, मागच्या रस्त्याला म्युझियम आहे, तिथं पंखे आहेत. गेलो.

पहिल्या दालनात मूर्ती, दुसऱ्यात नाणी, तिसऱ्यात ‘ग्रामजीवन’. तिथं एक आजी नातीला घेऊन उभ्या होत्या. समोर लाकडाचं एक जुनं अवजार आणि त्याखाली पाटी : ‘लाकडी नांगर’. आजींनी नातीला ती पाटी वाचायला लावली आणि म्हणाल्या, “नांगराला कुठं तीन फण असतेत का? तिफण हाय ही.” मग दोरीच्या अलीकडून हात लांब करून दाखवू लागल्या. हे वरचं चाडं, चाड्याला तीन भोकं, तिथून तीन नळ्या खाली फणापर्यंत. बैल पुढं चालतात, बाई मागून चाड्यात बी सोडत जाते. त्यांनी मूठ वळली आणि हातात नसलेलं बी अंगठ्यानं सोडून दाखवलं. मूठ सैल सुटली की पेर दाट, आवळली की पातळ.

‘चाड्यावर मूठ धरली’ हे शब्द मी दर जूनमध्ये वर्तमानपत्रात वाचत आलोय. मूठ धरतात कशी, ते त्या दिवशी पाहिलं.

शिपाई दाराशी ऐकत होता. त्याला म्हटलं, पाटी चुकलीय. तो म्हणाला, “तिफणच हाय की. आमच्या घरी हुती. पण पाट्या वरून छापून येतेत.”

दालनात आम्ही चौघं होतो. त्यातल्या दोघांना ती वस्तू हातापायांनी माहीत होती. माहीत नव्हतं ते संग्रहालयाला. ‘संग्रहालयानं समाजाच्या गरजा भागवाव्यात’ हे वाक्य चर्चासत्रांत फार ऐकू येतं आणि ऐकताना गुळगुळीत वाटतं. मला ते त्या तिफणीपाशी कळायला लागलं, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

आधी व्याख्या उरकून घेऊ. जगभरच्या संग्रहालयांची एक आंतरराष्ट्रीय परिषद आहे, तिला ‘आयकॉम’ म्हणतात. संग्रहालय ‘समाजाच्या सेवेसाठी’ असतं, हे तिच्या व्याख्येत १९७४ पासून आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग इथं नवी व्याख्या मंजूर झाली, तिच्यात समुदायांचा सहभागही आला. कागदावर सगळं नीट आहे. अडचण अशी की दवाखान्याची सेवा म्हणजे काय ते कुणाला समजवावं लागत नाही, रेशन दुकानाचीही नाही. संग्रहालयाची सेवा म्हणजे नेमकं काय? पाणी येत नाही, रस्त्यात खड्डे आहेत, पोराला नोकरी नाही, तिथं जुनी नाणी काचेत ठेवून कुणाची कुठली गरज भागते?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर माझ्या मते उंदरांनी दिलंय.

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, स्मिथसोनियन ही संग्रहालयांची अवाढव्य संस्था आहे. शहराच्या मधोमध तिची भव्य दालनं. नदीपलीकडं अ‍ॅनाकोस्टिया नावाची वस्ती, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि गरीब. तिथली माणसं या दालनांकडं फिरकत नसत. तेव्हा संस्थेच्या प्रमुखांनी, डिलन रिप्ली यांनी, ठरवलं की वस्तीतच एक छोटं संग्रहालय काढायचं. मूळ हिशेब साधा होता : इथं गोडी लागली की माणसं नदी ओलांडून मोठ्या संग्रहालयांकडं येतील. सप्टेंबर १९६७ मध्ये एका बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात ते सुरू झालं. संचालक म्हणून नेमले जॉन किनार्ड. ते तरुण धर्मोपदेशक होते, वस्त्यांमध्ये काम केलेले. संग्रहालयशास्त्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. उद्घाटनाला अंतराळयानाची कुपी ठेवली होती, मुलांनी आत चढून बसावं म्हणून. शिवाय १८९० सालच्या किराणा दुकानाची हुबेहूब नक्कल आणि थोडे प्राणी. मुलांची झुंबड उडाली.

तिथं येणाऱ्या मुलांच्या बोलण्यात एक विषय मात्र सारखा यायचा : घरातले उंदीर. रात्री अंगावरून जाणारे, झोपेत चावणारे. शहाणा संग्रहालयवाला म्हणाला असता, बाळांनो, त्यासाठी नगरपालिका आहे. किनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये उंदरांवर प्रदर्शन भरवलं. नाव ठेवलं ‘उंदीर : माणसानं आमंत्रण देऊन आणलेली पीडा’. कचऱ्यानं भरलेलं परसू उभं केलं आणि त्यात खरेखुरे, जिवंत उंदीर सोडले, अर्थात काचेमागं. उंदीर माणसाच्या मागं जगभर कसा पसरला, कोणते रोग आणतो, बीळ कुठं करतो, खायला काय शोधतो, त्याचा बंदोबस्त कसा करायचा, हे सगळं मांडलं.

या प्रदर्शनानं वस्तीतले उंदीर संपले असं कोणी म्हणत नाही. ते काम महापालिकेचं, घरमालकांचं. पण ज्या गोष्टीची घरात लाज वाटते, ती संग्रहालयात मांडली गेली आणि ‘आपल्याच घरी असं’ याचं ‘इथं सगळीकडं असं, आणि त्याला ही कारणं आहेत’ असं झालं. संग्रहालय एवढं करू शकतं : विषय उजेडात आणून ठेवतं, त्याचा मागचापुढचा धागा दाखवतं. पुढं त्याच संग्रहालयानं वस्तीच्या स्वतःच्या इतिहासाचं प्रदर्शन केलं, रहिवाशांच्या मुलाखती घेऊन. नदी ओलांडून मोठ्या दालनांकडं किती जण गेले हा हिशेब मग मागंच पडला. ते संग्रहालय आजही आहे, नव्या जागेत.

आता कोणी म्हणेल, उंदरांची माहिती आरोग्य खात्याच्या पत्रकातही मिळते. बरोबर आहे. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो : संग्रहालयापाशी असं काय आहे जे शाळा, दवाखाना, वाचनालय, ग्रामपंचायत यांच्यापाशी नाही?

एक तर वस्तू. वस्तू माणसाला बोलतं करते, ते काम फोटो करत नाही. तुमच्या आजोबांना ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हणा, ते म्हणतील, काय सांगायचं. त्यांच्या हातात अडकित्ता द्या. किंवा पितळी बर्नरचा रॉकेलचा स्टोव्ह ठेवा पुढ्यात. पंप मारायचा आवाज, भडका, बर्नर तुंबला की शोधायची ती पिन, रॉकेलसाठीची रांग, रांगेतली भांडणं, सगळं एकापाठोपाठ येतं. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या संग्रहालयांनी हे ओळखून २०१२ मध्ये एक कार्यक्रम सुरू केला, नाव ‘आठवणींचं घर’. विस्मरणाचा आजार झालेल्या वृद्धांना सांभाळणाऱ्या लोकांना तिथं शिकवतात की जुन्या वस्तू हाताशी घेऊन अशा माणसाशी बोलायचं कसं. वस्तूंनी भरलेल्या पेट्या वृद्धाश्रमांत नेता येतात. यानं आजार बरा होत नाही. पण दुपारभर गप्प बसणारं माणूस अर्धा तास बोलतं, आणि सून-मुलाला किंवा परिचारिकेला कळतं की हे माणूस पूर्वी कोण होतं.

आपल्याकडं याला लागणारं सामान संग्रहालयांत ढिगानं आहे. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलंय ना? दिनकर केळकरांनी मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी उभं केलेलं आणि पुढं महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलेलं. वीस हजारांवर वस्तू. त्यात दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, स्वयंपाकाची भांडी. राजवाड्यातल्यापेक्षा माजघरातल्या वस्तू जास्त, हेच त्याचं वेगळेपण. तिथं काचेपाशी थांबून ऐकलंत तर पाटी वाचणारे थोडे आणि ‘आमच्या घरी असा होता, मोडीत दिला’ म्हणणारे जास्त असतात. हे वाक्य मी तिथं दर खेपेला ऐकतो. ते लिहून घ्यायला मात्र कोणी बसलेलं नसतं.

दुसरी गोष्ट नोंद. इथं जरा थांबून सांगावं लागेल, कारण नोंद म्हणजे कंटाळवाणं रजिस्टर असा समज आहे.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन शहराच्या पोटात डिस्ट्रिक्ट सिक्स नावाचा गजबजलेला भाग होता. गोदीत काम करणारे, कारागीर, छोटे दुकानदार, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, सगळे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून. ११ फेब्रुवारी १९६६ ला वर्णद्वेषी सरकारनं जाहीर केलं की हा भाग यापुढं फक्त गोऱ्यांचा. पुढच्या पंधराएक वर्षांत साठ हजारांवर माणसं उचलून शहराबाहेरच्या रेताड मैदानांवर टाकली आणि घरं बुलडोझरनं पाडली. चर्च आणि मशिदी तेवढ्या राहिल्या.

१९९४ मध्ये राजवट बदलली. त्या वर्षीच्या डिसेंबरात तिथल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये छोटं प्रदर्शन लागलं, थोड्या दिवसांपुरतं. पाडापाडीवर देखरेख करणाऱ्या एका माणसानं रस्त्यांच्या नावाच्या जुन्या पाट्या न फेकता जपून ठेवल्या होत्या, त्या टांगल्या. आणि जमिनीवर त्या भागाचा मोठा नकाशा रंगवला. लोक आले. नकाशावर उकिडवे बसले, आपली गल्ली शोधली आणि तिथं पेननं नावं लिहायला लागले : इथं आम्ही राहायचो. इथं वाणी. इथं न्हावी. प्रदर्शन काही उतरलं नाही, त्याचंच संग्रहालय झालं. पांढऱ्या कापडाचा तागा ठेवला होता, त्यावर लोक आठवणी लिहीत, मग त्या भरतकामानं पक्क्या करत.

यात पुढची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. उठवलेल्या लोकांना जमिनी परत मागण्याचा कायदा झाला होता, आणि १९९७ मध्ये त्या दाव्यांसाठी जमीन न्यायालय बसलं ते याच संग्रहालयात. लोकांना न्याय मागायचा होता. ‘आम्ही इथं होतो’ हे सरकारी नकाशातून पुसलं गेलं होतं, आणि ते ज्या एका जागी लिहिलेलं उरलं होतं तिथं न्यायाधीश आले.

हे वाचताना मला उजनी आठवतं. भीमेवरच्या त्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं. बातम्यांत फोटो येतात, पर्यटक होड्यांनी जातात. पण देवळाभोवती गाव होतं. कुठल्या आळीत कोण राहायचं, विहिरी कुठं होत्या, पार कुठं होता, हे ज्यांना माहीत आहे ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. महाराष्ट्रात धरणाखाली गेलेली अशी गावं किती! कोयनेची, जायकवाडीची. जमिनीवर रंगवलेला एक नकाशा आणि चार मार्कर पेनं, एवढ्यावर सुरू होणारं काम आहे हे. गिरणगावातही असंच. वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाची चर्चा मुंबईत वर्षानुवर्षं चालू आहे. चर्चेत इमारत असते, चिमणी असते, यंत्रं असतात. साचे चालवणाऱ्या माणसाच्या खोलीत किती जण पाळीपाळीनं झोपायचे, खानावळवाल्या बाईची वही कुठं आहे, ते मध्येच कधीतरी.

भोपाळमध्ये हे झालंय. वायुगळतीतून वाचलेल्यांनी आणि त्यांच्याबरोबर लढणाऱ्यांनी २०१४ मध्ये स्वतःचं संग्रहालय काढलं, सरकारचा किंवा कंपन्यांचा पैसा न घेता. तिथं एखादा छोटा फ्रॉक असतो आणि शेजारी टेलिफोनचा रिसीव्हर. रिसीव्हर कानाला लावला की त्या घरातलं माणूस बोलतं. पाटी लिहिणारा तज्ज्ञ मध्ये नाहीच.

तिसरी गोष्ट म्हणजे जागा, ती लवकर सांगून होते. तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी खेड्यांतून बाया येतात. दिवसभर त्यांना बसायला सावली नसते, प्यायला पाणी विकत घ्यावं लागतं, आणि स्वच्छतागृह तर विचारूच नका. त्याच गावात संग्रहालयाची सरकारी इमारत असते, पंखे असतात, संडास असतो, कुलूपही असतं. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद. गावचा बाजार सोमवारचा असला तरी. मला कोणी विचारलं की समाजाच्या गरजेचं पहिलं काम कोणतं, तर मी म्हणेन बाजाराच्या दिवशी दार उघडं ठेवा आणि बायकांचं स्वच्छतागृह धुऊन ठेवा. हे ऐकून संग्रहालयशास्त्राचे जाणकार हसतील. हसू देत. इमारत अडीनडीला कामी येते याला मुंबईतच दाखला आहे : आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडण्याआधी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, त्या इमारतीत लष्करी इस्पितळ होतं. त्याच संग्रहालयाची बस २०१५ पासून प्रदर्शन घेऊन शाळांपर्यंत, गावांपर्यंत जाते. जागेचा प्रश्न असाही सोडवता येतो.

इथपर्यंत आपण ‘समाज’, ‘लोक’ असे शब्द सहज वापरले. त्यातच खरी गोम आहे. समाज म्हणजे कोण?

भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. तिथं मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत : मुंबईतले निरनिराळे लोक, त्यांची पागोटी, त्यांचे धंदे. कारागिरी अफाट सुंदर. पण त्या काळच्या संग्रहालयाचा हिशेबही त्यात दिसतो. लोक म्हणजे मांडायचा नमुना. पाहणारा दुसरा, पाटी लिहिणारा तिसराच. पुढं आदिवासींची दालनं निघाली त्यांतही बऱ्याच ठिकाणी हेच झालं. भोरला जन्मलेले भाषातज्ज्ञ गणेश देवी यांनी गुजरातेत तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली, तिथल्या संग्रहालयाचं नाव ‘वाचा’. नावातच सगळं आलं : काय ठेवायचं आणि त्याबद्दल काय बोलायचं, ते आदिवासी स्वतः ठरवतील.

गावातल्या संग्रहालयाला हा प्रश्न जास्त टोचतो. समिती नेमली की तिच्यावर कोण येतं ते आपल्याला माहीत आहे. मग वाड्यातली तलवार येते, पाटलांची पगडी येते, देवळाची घंटा येते. गावकुसाबाहेरच्या घरातलं काय येतं? एखादी हलगी आली तर ‘लोकवाद्य’ म्हणून येते. ती कोण वाजवायचं, कुणाच्या दारात, बदल्यात काय मिळायचं, हे पाटीवर नसतं. तांब्याचा हंडा असतो, तांबटाचं नाव नसतं. गरज भागवायची तर आधी कुणाची हे विचारावं लागतं, आणि ते विचारलं की सभेत जरा शांतता पसरते. ती सोसावी लागते. गावाची शोभा वाढवणारंच मांडायचं असेल तर कमानी आहेत, फ्लेक्स आहेत.

चांगलं उदाहरण आपल्याच जमिनीतलं हवं असेल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. गोरोबाकाकांचं तेर. दोन हजार वर्षांपूर्वी ते ‘तगर’ नावाचं व्यापारी गाव होतं. त्या काळच्या एका ग्रीक प्रवासपुस्तिकेत लिहिलंय की तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडं जायचं. आजही तिथल्या मातीतून मणी, नाणी, मातीच्या मूर्ती निघतात. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वर्षानुवर्षं जमवल्या, संग्रह सरकारला दिला, आणि त्यांच्या नावाचं संग्रहालय गावातच उभं राहिलं. ‘गावातच’ या शब्दावर माझा जोर आहे. या वस्तू मुंबईला गेल्या असत्या तर जास्त लोकांनी पाहिल्या असत्या, हे खरं. पण तेरच्या पोराला शेतात मणी सापडला तर तो कुणाला दाखवायचा, हे त्याला आज माहीत आहे. घरातल्यांनी ‘टाक तो खडा’ म्हणण्याआधी दोन हजार वर्षांचा विचार करणारं एक दार गावात आहे. आणि कुंभाराच्या गावात भाजलेल्या मातीच्या मूर्तींपुढं उभं राहिलं की इतिहास पुस्तकापेक्षा जरा जवळ येतो.

मग छोट्या संग्रहालयानं करायचं काय? पैसे नाहीत, माणसं नाहीत, हे मला मान्य आहे. पण तिफणीच्या पाटीला पैसे लागत नव्हते. शिपायाला विचारायला लागत होतं. महिन्यातून एक दुपार ठरवा, वस्तू टेबलावर काढा, गावातल्या म्हाताऱ्यांना चहाला बोलवा आणि बोलतील ते शाळेतल्या पोरांना मोबाइलवर रेकॉर्ड करू द्या. पुण्यातला प्राध्यापक येऊन जे सांगणार नाही ते त्या दुपारी मिळतं. देणगीच्या नोंदवहीत ‘प्राप्त, १ नग’ एवढंच न लिहिता ज्याची वस्तू त्याच्या तोंडून चार ओळी लिहून घ्या. लोक वस्तू द्यायला कचरतात, कारण दिलं की गेलं अशी भीती असते. त्यावरही तोड आहे : मालकी घरची, सांभाळ संग्रहालयाचा, सणाला हवी तर सही करून न्या.

आणि चुकीची पाटी दुरुस्त करायचा अधिकार तिथल्या माणसाला द्या.

त्या दिवशी नातीनं निघताना अभिप्रायाची वही मागितली. मीही चाळली. ‘खूप छान’, ‘ज्ञानात भर पडली’, ‘स्वच्छता उत्तम’, पानंच्या पानं. मुलीनं आजीला विचारून विचारून लिहिलं : ती नांगर नाही तिफण आहे, चाडं उलटं लावलंय, नळ्या दोनच आहेत, एक हरवली. खाली आजीचं नाव लिहिलं आणि गावही.

शिपायाला विचारलं, ही वही वाचतं कोण?

“भरली की कपाटात ठिवतो,” तो म्हणाला. “नवी मागून घेतो.”